उचल घेऊन कामाला गेलं नाही तर तीन महिने सक्तमजुरी? (१८५९ चा कायदा आणि आमच्या भावाची नोटीस)

बालाघाटकर

राम राम मंडळी. सहा-सात वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुका सांभाळून घ्या.

विषय असा की आमच्या चुलतभावानं औंदा ऊसतोडीला जायचं म्हणून मुकादमाकडनं एका कोयत्याची उचल घेतली. (शहरातल्यांसाठी: उचल म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, मुकादम म्हणजे तोडीची टोळी जमवणारा, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, एकटा गडी असला तर अर्धा कोयता.) उचल पावसाळ्यातच संपली, थोडी जुन्या देण्यात गेली, थोडी घरावरच्या पत्र्यात. आणि दसऱ्याच्या तोंडावर वहिनीचं ऑपरेशन निघालं, डॉक्टर म्हणले चार महिने वजन उचलायचं नाही. टोळी गेली, हे दोघं घरी. आता मुकादमानं वकिलाची नोटीस धाडलीय की पंधरा दिवसात पैसे भरा नायतर फसवणुकीची फिर्याद.

आमचे थोरले चुलते नोटीस बघून म्हणले, "कायदाच हाय तसा पहिल्यापासनं, उचल घिऊन कामाला नाही गेलं की तीन महिने सक्तमजुरी, इंग्रजानं केलेला." मी म्हणलं असा कुठं कायदा असतो का, पैसे बुडवले तर दिवाणी दावा होईल, जेल कशी होईल. म्हणून पुण्याला आल्यावर शोधत बसलो तर म्हातारा बरोबर निघाला की हो. फक्त शंभर वर्षं उशीर झालाय त्यांना.

१८५९ चा तेरावा कायदा. मराठीत कामगार करारभंग कायदा म्हणा. कलकत्त्यातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं अर्ज केला की कारागीर आगाऊ पैसे घेतात आणि काम टाकून पळतात, आमचं नुकसान होतं. सरकारनं लगेच ऐकलं. आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई ह्या तीन शहरांपुरता, पुढं पाहिजे तिथं लावायची सोय. मालकानं मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर सांगायचं की ह्यानं उचल घेतली आणि काम करत नाही. मग समन्स किंवा थेट वॉरंट. शाबित झालं की दोन हुकूम शक्य, पैसे परत कर नाहीतर ठरलेलं काम पुरं कर, आणि यातलं कुठलं पाहिजे ते मालकानं निवडायचं!! हुकूम पाळला नाही की तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. वर आणि काम पुरं करीन असा जामीनही मागता यायचा.

मालकानं मजुरी बुडवली तर काय, ते ह्या कायद्यात शोधून शोधून दमलो. नाहीच्चे.

प्रश्न दोन. हा कायदा आज कुठल्या वेगळ्या नावानं जिवंत आहे का? आणि भावाला खरंच आत टाकू शकतात का?

---

ॲड_काळाकोट

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नोटीस आली म्हणजे केस झाली नाही, घाबरू नका. नोटिशीला उत्तर मात्र द्याच, लेखी द्या, आणि ऑपरेशनचे कागद जोडा.

फसवणूक म्हणजे पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. त्यात पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. नंतर अडचण आली आणि शब्द पाळता आला नाही तर तो करारभंग, फसवणूक नव्हे, आणि हे सुप्रीम कोर्टानं एकदा नाही दहादा सांगून झालंय. तरीपण फिर्याद देतात, कारण दिवाणी दाव्याला वर्षं लागतात आणि पोलीस ठाण्यातून एक फोन गेला की माणूस तासाभरात सोनं मोडून पैसे आणतो. वसुलीचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, कोर्ट फी पण नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, १८५९ चा कायदा मेला. १९२५ च्या तिसऱ्या कायद्यानं रद्द, १ एप्रिल १९२६ पासून. त्याच झटक्यात भारतीय दंड संहितेतलं ४९० आणि ४९२ पण गेलं. ४९२ मजेशीर होतं, मालकाच्या खर्चानं लांबच्या ठिकाणी नेलेला मजूर करार मोडून पळाला तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा प्रवासखर्चाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधलं ४९१ मात्र वाचलं, आजही न्याय संहितेत ३५७ म्हणून आहे. आजारी, वेडसर, लहान अशा असहाय माणसाला सांभाळायचा करार करून त्याला सोडून जाणं. ते ठेवण्यासारखंच आहे, कारण तिथं नुकसान होतं ते असहाय माणसाचं, कुणा मालकाच्या धंद्याचं नाही.

---

शेठ_नाही_हो_मी

सगळे मजुराच्याच बाजूनं बोलणार माहितीये, पण जरा दुसरी बाजू. माझं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे, सहा माणसं. दोन वर्षांपूर्वी एका पॉलिशवाल्याला गावाकडं घर बांधायचंय म्हणाला म्हणून ४० हजार ॲडव्हान्स दिला, दिवाळीला गेला तो गेलाच, नंबर बंद. दुसऱ्या वर्कशॉपला लागलाय असं कळलं. मी काय करायचं? दिवाणी दावा लावू ४० हजारासाठी? वकीलच २० घेईल. त्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचं अगदीच चुकलं होतं असं मला तरी वाटत नाही, पैसे खरे होते, पळणारे पण खरे होते.

---

पुस्तककिडा

शेठ, तुमचं दुखणं खरं आहे आणि १८५९ च्या कायद्याची प्रस्तावना वाचलीत तर तुम्हाला वाटेल तुम्हीच लिहिलीय. उत्पादक आणि व्यापाऱ्यांचं फार नुकसान आणि गैरसोय होते, कारागीर लबाडीनं करार मोडतात वगैरे. पण एक बघा. तुमचा पॉलिशवाला जसा पैसे बुडवतो तसा एखादा लाकूडवाला पण तुमचा ॲडव्हान्स घेऊन माल न देता बसतो की नाही? त्याला कुठला मॅजिस्ट्रेट "जा, लाकूड कापून दे नाहीतर तीन महिने आत" म्हणत होता? माल विकणाऱ्यानं शब्द मोडला तर दिवाणी, आणि अंगमेहनत विकणाऱ्यानं मोडला तर फौजदारी. सगळी गोम ह्यात आहे.

ही कल्पना इंग्रजांनी इकडं येऊन शोधलेली नाही, घरनंच आणली. तिकडं प्लेगनंतर १३४९ पासून मजुरांना बांधायचे कायदे आहेत, १८२३ च्या मालक-नोकर कायद्यानं तर काम सोडणाऱ्याला तीन महिने कैद होतीच. पण तिकडं कामगार संघटना उभ्या राहिल्या, शहरी कामगाराला मत मिळालं, आणि १८७५ साली हा प्रकार फौजदारीतून काढला. आपल्याकडं काढला १९२५ मध्ये. म्हणजे पार्लमेंटनं स्वतःच्या मजुरासाठी जे रानटी ठरवलं ते आपल्या मजुराला आणखी पन्नास वर्षं चालून गेलं.

---

खंडाळा_लोकल

भारी धागा. वाचनखूण साठवली.

१८५९ म्हणल्यावर आमच्या घाटाचं सांगायलाच पाहिजे. बोरघाटात रेल्वेचं काम चालू होतं, फॅव्हिएल नावाचा कंत्राटदार, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली आपले मुकादम, आणि सगळ्यात खाली सुरुंग लावणारे, दगड फोडणारे हजारो लोक, बायका-पोरांसकट. वरून पैसे सुटायचे, खाली पोचायचे नाहीत. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला आणि दंगल झाली, गोऱ्या अधिकाऱ्यांना मारहाण झाली. फॅव्हिएलनं त्याच वर्षी काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यातच वारला आणि मग त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट तडीला नेलं. १८६३ ला घाट सुरू झाला. एका टप्प्याला ४० हजाराच्या वर माणूस होता ह्या घाटात.

आता गंमत बघा, ह्या भानगडीनंतर १८६० चा नववा कायदा आला, रेल्वे आणि सार्वजनिक बांधकामावरच्या मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटनं झटपट निकाली काढावेत म्हणून. म्हणजे मजुरीबद्दल कायदा करता येत नव्हता असं नाही. फक्त व्यापाऱ्यांचा अर्ज पुरतो आणि मजुराला दंगल करावी लागते.

लोणावळ्याला चिक्की घेताना कुणाच्या डोक्यात येतं हे.

---

गिरणगावची_चाळ

मुंबईच्या गिरण्यांबद्दल थोडं. माझे आजोबा स्पिनिंग खात्यात होते. १८५९ चा कायदा मुंबई शहराला पहिल्या दिवसापासून लागू, पण गिरणीवाल्यांना त्याची फारशी गरज पडली नाही, का? तर त्यांनी उलटा डाव टाकला होता. उचल द्यायचीच नाही! पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नाही, पुढच्या महिन्यात दोन-दोन आठवडे लोटल्यावर. म्हणजे कामगाराचेच दीड महिन्याचे पैसे कायम मालकाकडं अडकलेले. नोटीस न देता काम सोडलं की ते जप्त. सांगा, कोण कुणाला उधार देत होतं?

आणि त्या दीड महिन्यात खाणार काय तर वाण्याची उधारी, पठाणाचं व्याज, आणि जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, मर्जी. जेलची गरजच नाही.

पगार वेळेवर द्यायचा कायदा यायला १९३६ उजाडलं. कामगार पुढारी लोखंडे (नारायण मेघाजी) १८८४ पासून ओरडत होते, त्यांच्या मागण्यांत रविवारची सुट्टी, दुपारची सुट्टी यांच्याबरोबर पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या हेपण होतं. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते, ही १५ तारीख कुणाला आठवत नाही.

---

बालाघाटकर

@गिरणगाव, हे डोक्यातच नव्हतं आलं. आमच्याकडं मालक आधी देऊन बांधतो, तुमच्याकडं नंतर देऊन. गाठ तीच.

@शेठ, तुमचे ४० हजार गेले त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण आमच्याकडं उचल हा ॲडव्हान्स नसतोच ओ. तो वर्षाचा पगार असतो आधी दिलेला, कारण पावसाळ्यात गावात दुसरं कामच नसतं. आणि हिशोब होतो पट्टा पडल्यावर, म्हणजे सीझन संपल्यावर. टनाला इतका दर, गुणिले टन, त्यातनं उचल वजा, खाडे वजा, मधे घेतलेला किराणा वजा, दवाखाना वजा. शेवटी कुणाकडं पैसे निघतात? बहुतेक वेळा कोयत्याकडंच. मग ती बाकी पुढच्या सालाला. वही मुकादमाकडं. माझ्या बापानं १४ सीझन केले, एकदाही स्वतःच्या हातानं ती वही उघडली नाही, वाचता येत होतं तरी.

आणि मुकादमालापण शिव्या देऊ नका कुणी, तो आमच्याच तालुक्यातला आहे, त्यानं कारखान्याच्या वाहतूकदाराकडं स्वतःची जमीन लिहून दिलीय. त्याची पण कुणीतरी वरनं नोटीस काढलीच असणार.

---

पोर्टलुईकर

नमस्कार, मॉरिशसहून लिहितोय, माझी मराठी घरात टिकलेली आहे, चूकभूल द्यावीघ्यावी. आमचे पूर्वज रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून आले, बाकीचे कलकत्ता आणि मद्रासहून. १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी ही करारबद्ध मजुरांची भरती. इथल्या धक्क्याला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून जागतिक वारसा आहे. सोळा पायऱ्या आहेत, त्या चढून आले सगळे.

वरती 'खाडे वजा' वाचून थांबलो. हा खाडा म्हणजे नक्की काय असतो? कारण आमच्याकडे ऊसाच्या मळ्यात 'डबल कट' होता. एक दिवस गैरहजर, मग आजारी असो काही असो, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. महिनाभर राबून हातात काही नाही असे लोक होते. आणि करार संपलेल्या माणसालासुद्धा फोटो लावलेला पास खिशात ठेवावा लागायचा, १८६७ च्या कायद्याने, पास नाही तर भटक्या म्हणून पकडायचे. शेवटी प्लेव्हिट्झ नावाच्या गोऱ्यानेच मजुरांच्या सह्याअंगठे घेऊन १८७१ ला अर्ज केला, त्यावर रॉयल कमिशन आले. मळेवाले त्याच्या जिवावर उठले होते.

---

बालाघाटकर

@पोर्टलुईकर दादा, खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. नुसती त्या दिवसाची मजुरी जात नाही, वरून दंड बसतो. बाई बाळंतीण झाली तरी चार-पाच दिवसात फडात दिसते त्याचं कारण हेच. म्हणजे तुमचा डबल कट आणि आमचा खाडा सख्खे भाऊ. आणि दोघांचा धंदा पण एकच, ऊस. अंगावर काटा आला राव.

---

पुस्तककिडा

मॉरिशसचा विषय निघालाच आहे तर गोखल्यांचं नाव घेतलं पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला जाणारी मजुरांची भरती थांबवायचा ठराव आणला, तो झाला. १९१२ ला सगळीकडचीच करारबद्ध मजुरी बंद करा असा ठराव आणला, तो सरकारी मतांनी पाडला. भरती थांबली १९१७ मध्ये, तेव्हा गोखले जाऊन दोन वर्षं झाली होती.

पण जहाजात बसून न जाता जे आसामला गेले त्यांचं कुणी फार बोलत नाही. चहाचे मळे. १८६५ च्या कायद्यानं पुरुषाला महिना ५ रुपये, बाईला ४, पोराला ३ असा दर बांधला, आणि त्याच कायद्यात मळेवाल्याला अधिकार दिला की पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय स्वतःच पकडायचं. पोलीस नको, कोर्ट नको. हा अधिकार १९०८ पर्यंत होता! ५ रुपये कागदावर आणि पकडायचा अधिकार मात्र रानात. मळ्यांचे खास कायदे ढिले झाले तेव्हा मॅनेजरांनी काय धरलं तर हाच आपला १८५९ चा तेरावा. थोडी उचल हातावर ठेवायची, अंगठा घ्यायचा, झाला करार. १९२१ च्या मे महिन्यात चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून चालत निघाले, चांदपूरच्या स्टेशनात रात्री गुरखा शिपायांकडून मार खाल्ला, तरी बहुतेक मागं फिरले नाहीत.

रद्द होण्यात आपल्या मराठी माणसाचा हात आहे. नारायण मल्हार जोशी, भारत सेवक समाजातले, परळला सोशल सर्व्हिस लीग चालवायचे. मध्यवर्ती विधानसभेत गेल्यावर त्यांनी हा कायदा काढाच म्हणून लावून धरलं. सरकारनं आधी १९२० मध्ये डागडुजी करून बघितली होती, ३०० रुपयांवरच्या उचलीला लागू नाही, करार गैरवाजवी दिसला तर मॅजिस्ट्रेटला नाकारता येईल वगैरे. मजुराला कोण देत होतं ३०० रुपये उचल तेव्हा? म्हणजे कुणीच सुटलं नाही. शेवटी काढावाच लागला.

---

शेठ_नाही_हो_मी

वाचतोय सगळं. माझ्या ४० हजाराला कुणी उत्तर दिलेलं नाही अजून, तेवढं नोंदवून ठेवतो 😀

पण एक कबूल करतो, मी त्या पॉलिशवाल्याला ॲडव्हान्स का दिला होता? तो दुसरीकडं जाऊ नये म्हणून. रोज शंभर जास्त दिले असते तर तो राहिला असता बहुतेक, पण शंभर रोज वाढवले की बाकी पाच जण पण मागतात. ॲडव्हान्स एकालाच देता येतो आणि परत मागता येतो. असं स्पष्ट कधी स्वतःशीपण बोललो नव्हतो.

---

गिरणगावची_चाळ

शेठ +१. एवढा प्रामाणिक प्रतिसाद ह्या साईटवर खूप दिवसांनी वाचला.

---

ॲड_काळाकोट

आता भावाच्या कामाचं. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा वाचा. त्यात वेठबिगारी म्हणजे साखळदंड असं काही नाही. उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं, कुठंही जायचं किंवा बाजारभावानं श्रम विकायचं स्वातंत्र्य गेलं की झाली वेठबिगारी, आणि असं कर्ज कायद्यानं संपतं. वर आणि वाद झाला तर हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे शाबित करायचं ओझं सावकारावर. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडं. १९८२ च्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये तर सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

पण उगाच आशा लावत नाही. तुमचा भाऊ कामाला गेलेलाच नाही, तेव्हा ह्या सालापुरती वेठबिगारी बसवणं अवघड. मागच्या सालांची बाकी ह्या उचलीत ओढलीय का, हे आधी बघा. ओढली असेल तर चित्र वेगळं. कागद कुठलाय? स्टँपपेपर केलाय की नुसती वही?

---

बालाघाटकर

वकीलसाहेब, कालच गावाकडनं फोटो मागवला. शंभराचा स्टँपपेपर आहे, 'हातउसने' म्हणून लिहिलंय. ऊस नाही, तोड नाही, मुकादम हा शब्द नाही, कारखाना नाही. दर नाही, किती टन, किती दिवस, काही नाही. रक्कम दोनदा आहे, एकदा आकड्यात एकदा अक्षरात. खाली भावाची सही आणि वहिनीचा अंगठा. तिनं तर ह्यातला एक रुपया हातात धरलेला नाही.

बाकीचं विचारलं भावाला. म्हणतोय मागच्या साली २२ हजार निघाले होते अंगावर, ते ह्याच्यातच धरलेत. आणि ते २२ कसे निघाले विचारलं तर म्हणतो "मुकादमानं सांगितलं".

---

ॲड_काळाकोट

हातउसने लिहिलंय म्हणजे मुद्दाम लिहिलंय, मजुरीचा वास येऊ नये म्हणून. पण हातउसने असेल तर मग कामाला न आल्याची फसवणूक कुठून आली? नोटिशीत काय लिहिलंय शब्दशः ते टाका इथं, नावं झाकून. दोन्हीत मेळ नसेल तर उत्तर तिथूनच सुरू करू. आणि मागच्या सालाच्या हिशोबाची वही लेखी मागा, पोचपावतीसह.

---

बालाघाटकर

नोटीस चुलत्यांकडं आहे, त्यांनी देवघरात ठेवलीय म्हणे 🙏 उद्या कुणालातरी पाठवून फोटो घेतो आणि टाकतो. चुलत्यांना फोनवर सांगितलं तो कायदा १९२६ लाच गेला म्हणून. ते म्हणले, "गेला आसंल, आमाला कुनी सांगितलं न्हाई."